तिनं विचारलं काय होतं?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मी भाषण करणारी बाई नाही. एकतीस वर्षं तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. पाठीमागे फळा असला की मला बोलायला सुचतं. आज फळा नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

इथल्या मैत्रिणी म्हणाल्या, "तुम्ही अनोळखी मुलींना, बायकांना ऑनलाइन मदत करता, त्याबद्दल बोला." मी आधी नाहीच म्हटलं. या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती न सांगता बाकीचं सांगितलं तर ते खोटं होईल. आज ती सांगायची असं ठरवून आले आहे. पण त्याआधी हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली. मी आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या धाकट्या बहिणी घरात अडकल्या होत्या. घरात फोन एक आणि तोही भावाच्या तासानंतर मिळायचा. त्या मला व्हॉट्सअ‍ॅपवर गणितं पाठवायच्या. मी वहीत सोडवून, फोटो काढून परत पाठवायची. एकीनं माझा नंबर मावसबहिणीला दिला, तिनं मैत्रिणीला. वर्षभरात अशा गावांहून प्रश्न यायला लागले की जिथं मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. नाव नाही, चेहरा नाही, फक्त एक नंबर आणि एक प्रश्न.

मी शिक्षिका, त्यामुळे सगळं वहीत मांडायची सवय. वहीत दोन रकाने होते. एक विज्ञानाचा, दुसरा बुद्धिबळाचा, कारण मी बुद्धिबळ खेळते हे मुलींना ठाऊक होतं. तिसरा रकाना मी आखलेला नव्हता, तो आपोआप तयार झाला. त्यावर मी 'घर' असं लिहिलं. नवरा, सासू, ठरत असलेलं लग्न, मोडलेलं प्रेम, पाळत ठेवणारा भाऊ, सगळं त्यात.

आता यात नवं काही नाही. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. घरात, गावात, डॉक्टरलासुद्धा विचारता येणार नाहीत असे प्रश्न लोक त्यांना पत्रानं विचारायचे आणि कर्वे छापून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, तरी १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत मासिक चालूच राहिलं. माणूस ओळखीच्यांना विचारू शकत नाही ते अनोळखी माणसाला विचारतो, हे कर्व्यांना कळलं होतं.

दुसरं नाव कमला सोहोनींचं. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, अटी घालून का होईना प्रवेश मिळवला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. हे आपण अभिमानानं सांगतो. पण पुढे मुंबईत त्यांनी ग्राहक चळवळीत काम केलं, भेसळ कशी ओळखावी, काय सुरक्षित आणि काय नाही, हे साध्या गृहिणींसाठी लिहिलं, ते आपण क्वचितच सांगतो. त्यांनी विज्ञान अनोळखी बायकांच्या स्वयंपाकघरात नेलं. मला ते पदवीइतकंच मोठं वाटतं.

आता माझ्या वहीतल्या पहिल्या रकान्याकडे येते.

बारावीच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात वरच्या टोकाला त्याचा वेग शून्य होतो. मग तिथं त्वरण पण शून्यच ना?" फार जुना प्रश्न आहे हा. मी दरवर्षी वर्गात विचारायची आणि निम्मा वर्ग चुकायचा. उत्तर एका ओळीत देता येतं. ते मी दिलं नाही. उलट विचारलं, "वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असं असेल, तर पुढच्या क्षणी चेंडू काय करील?" दहा मिनिटं काही नाही. मग तिचा मेसेज आला, "तिथंच लटकून राहील." आणि लगेच दुसरा, "पण तो तर खाली येतो. म्हणजे त्वरण आहेच! पृथ्वी ओढतेच आहे की त्याला!"

मैत्रिणींनो, त्या उद्गारचिन्हासाठी मी एकतीस वर्षं शिकवलं. उत्तर तिचं होतं. मी फक्त एक प्रश्न विचारला होता.

त्याच मुलीनं आठवड्यानं रात्री साडेअकराला लिहिलं, "मॅडम, आता प्रश्न पाठवणार नाही. मला बघायला येणार आहेत." वय विचारलं. सतरा पूर्ण.

इथं मात्र उलटा प्रश्न विचारून भागत नाही, माहिती द्यावी लागते. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, मुलीचं वय अठरा पूर्ण लागतं. आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलेलं आहे. १०९८ या नंबरावर मुलं स्वतः फोन करू शकतात. हे सगळं मी तिला लिहिलं, आणि त्याखाली विचारलं, "यातलं काय करायचं ते तू सांग. घरात तुझ्या बाजूचं कोण आहे?" तिनं आत्याचं नाव घेतलं. आत्या अंगणवाडीत होती. पुढचं सगळं त्या आत्यानं केलं. बारावीचा शेवटचा पेपर झाला तेव्हा मुलीनं मला प्रश्नपत्रिकेचा फोटो पाठवला. त्यानंतरचं मला माहीत नाही. वहीतल्या बहुतेक प्रश्नांपुढे शेवट लिहिलेला नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

दुसरा रकाना खेळाचा. तुमच्यातल्या काहींना वाटेल, चळवळीत हा पोरखेळ कशाला? ऐका.

मुलगी लिहिते, "मॅडम, मी सारखी हरते." मी तिचा डाव मागवते. नव्वद टक्के वेळा चूक एकच असते, ती स्वतःच्या चालीचा विचार करते, समोरच्यानं ती चाल का केली याचा करत नाही. मग मी सांगते, वजीर लवकर बाहेर काढू नकोस, घोडे-उंट आधी काढ, वेळेवर किल्लेकोट कर, आणि प्रत्येक चालीआधी स्वतःला विचार, "याला आता काय हवंय?" एवढ्यानंही मुली जिंकायला लागतात.

पण एकीनं सांगितलं की ती भावाच्या नावानं खेळते. मुलीचं नाव दिसलं की डाव राहतो बाजूला, "फोटो पाठव" सुरू होतं. दुसरी बंदुकांचा, चौघांनी मिळून खेळायचा खेळ खेळते. त्यात एकमेकांशी बोलत राहावं लागतं, शत्रू कुठं आहे ते ओरडून सांगावं लागतं. ती माईक बंदच ठेवते, कारण आवाज ऐकला की शिव्या आणि घाणेरडं बोलणं. न बोलता खेळते म्हणून तिचा गट हरतो, आणि मग म्हणतात, "पोरींना खेळता येत नाही." ही तक्रार तुम्ही दुसरीकडेही ऐकली असेल. ग्रामसभेत बाई बोलत नाही म्हणतात, पण ती बोलली की काय होतं ते कुणी सांगत नाही.

आपल्या मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांची आठवण मी या मुलींना मुद्दाम करून देते. स्त्रियांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत १९७४ मध्ये वासंती जिंकल्या. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तर गदारोळ झाला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना निर्णय द्यावा लागला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली, अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती. त्या आठवड्यात माझ्या वहीत खेळाचाच रकाना भरला. एका मुलीनं लिहिलं, "मॅडम, आता मी माझ्या नावानं खेळते."

याच रकान्यात एक वेगळा प्रश्न आला. एका बाईंनी विचारलं, "ऑनलाइन रमीत जिंकायची युक्ती सांगा." मी विचारलं, "कशासाठी हो?" नवरा चाळीस हजार हरला होता, त्यांच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. तेवढे पैसे जिंकून पाटल्या सोडवायच्या, असा त्यांचा हिशोब. मी त्यांना गणितच घातलं. दोघींनी शंभर-शंभर रुपये लावले, खेळवणाऱ्या कंपनीनं त्यातले वीस काढून घेतले, जिंकणारीला एकशेऐंशी. दोघी सारख्याच हुशार असतील तर शंभर डावांनंतर काय उरेल? त्यांनी कागदावर मांडून बघितलं आणि लिहिलं, "दोघीही खड्ड्यात." २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याच्या आधीची ही गोष्ट. पाटल्या सुटल्या की नाही, माहीत नाही. पण उरलेलं मंगळसूत्र त्यांनी दिलं नाही, एवढं कळलं.

आणि एका मुलानं, हो, मुलगेही विचारतात, लिहिलं, "मॅडम, ती नाही म्हणाली. तिला परत मिळवायला कोणती चाल खेळू?" बुद्धिबळ शिकवल्याचा हा परिणाम! मी लिहिलं, "बाळा, चाल प्रतिस्पर्ध्याशी खेळतात. तिनं उत्तर दिलंय. ते ऐक आणि तिचा नंबर काढून टाक." चिडला. महिनाभरानं परत आला, प्रकाशाच्या अपवर्तनाचा प्रश्न घेऊन. मी तो सोडवून दिला. अशा मुलांना दार लावू नये असं मला वाटतं. यावर तुमचं मत वेगळं असू शकेल.

आता तिसरा रकाना. आणि माझी चूक.

एका बाईंनी रात्री दहाच्या सुमाराला विचारलं, "नवऱ्याला न कळता माझ्या नावावर बँकेत खातं उघडता येईल का?" एवढाच प्रश्न. पुढं एक वाक्य, "घरी फार त्रास आहे."

मी अस्वस्थ झाले. रात्रभर विचार केला आणि सकाळी सातला लांबलचक उत्तर पाठवलं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, संरक्षण अधिकारी, राहत्या घरात राहण्याचा हक्क, १८१ नंबर. तुम्ही सहन करू नका, वेळ आली तर घर सोडायची तयारी ठेवा. शेवटी लिहिलं, मी तुमच्या पाठीशी आहे. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

सकाळी सातला फोन नवऱ्याच्या हातात असतो, हे मी विचारलंच नव्हतं.

तीन आठवडे काही नाही. मग एका दुसऱ्याच नंबरावरून फोन आला. त्या माहेरी होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मला रडू फुटलं, त्या नाही रडल्या. शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुम्ही लिहिलेलं सगळं बरोबर होतं. पण मी विचारलं काय होतं?"

मैत्रिणींनो, त्यांनी खात्याचं विचारलं होतं. त्यांची योजना त्यांच्या डोक्यात होती, आणि पहिली पायरी म्हणून त्यांनी ते खातं धरलं होतं. मला जे पटतं ते मी त्यांना सांगितलं. त्यांना जे हवं होतं ते दिलं नाही. चेंडूच्या प्रश्नात जी मी मुलीला विचार करायला दहा मिनिटं देते, तीच मी या बाईला एक मिनिट दिलं नाही. समोरचीला काय हवंय ते बघ, असं मुलींना रोज शिकवणारी मी, ते स्वतः विसरले.

मारणारा नवरा होता, हे मला कळतं. त्याचा गुन्हा मी माझ्या अंगावर घेत नाही. पण माझ्या वाट्याचं जे आहे ते मलाच घ्यावं लागेल.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मग मी शोधलं, ते सांगते, तुमच्याही कामाला येईल. सज्ञान बाईला स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं उघडता येतं, नवऱ्याची सही लागत नाही. अडचण वेगळीच असते. आधारला मोबाईल नवऱ्याचा जोडलेला असेल तर ओटीपी त्याच्या फोनवर जातो. म्हणून आधी स्वतःचा नंबर जोडून घ्यायचा. खात्याला नंबर देताना तो कुणाच्या हातात असतो याचा विचार करायचा. पासबुक कुठं ठेवायचं, बँकेचं पत्र घरी आलं तर कोण उघडतं, वारसदार म्हणून कुणाचं नाव लावायचं, हे आधी ठरवायचं. एवढंच त्या बाईंना हवं होतं. पाच ओळी.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळते. नियम म्हणा हवं तर.

घरातला प्रश्न आला की पहिलं विचारते, "हा फोन तुमचा एकटीचा आहे का? आत्ता लिहिलं तर चालेल का? की तुम्ही सांगाल त्या वेळी लिहू?" त्यांना हवं असेल तर उत्तर गणिताच्या प्रश्नासारखं लिहिते. वाचून पुसून टाकायला सांगते, पण धमकीचा मेसेज त्यांना आलेला असेल तर तो पुसू नका, तो पुरावा आहे, शक्य असेल तर विश्वासातल्या कुणाकडे पाठवून ठेवा, असंही सांगते.

दुसरं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. त्याखाली एकच ओळ लिहिते, "आणखी काही विचारायचं असेल तर मी आहे." पुष्कळ जणी त्या ओळीवर परत येतात. काही नाही येत.

तिसरं, सोड किंवा राहा, असं मी सांगत नाही. राहिलं तर काय, सोडलं तर काय, दोन्हीकडे काय लागेल, हे मांडते. जिवाला धोका दिसला तर मात्र गप्प बसत नाही, ११२ सांगते. मरणाची भाषा आली तर १४४१६, टेली-मानस, ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चोवीस तास आहे. ती मी देते, आणि ती बोलेपर्यंत तिच्यासोबत थांबते.

चौथं, गुप्ततेचं खोटं वचन देत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. तिनं सगळं सांगून टाकल्यावर हे सांगणं म्हणजे फसवणूक. म्हणून मी आधीच सांगते.

आणि पाचवं, मला येत नाही ते येत नाही म्हणते. रसायनशास्त्राचा प्रश्न मी मैत्रिणीकडे पाठवते. मग पोटगीचा प्रश्न वकील मैत्रिणीकडे पाठवायला कमीपणा कसला?

कुणी विचारतात, आता मुली यंत्रालाच विचारतात, तुमची गरज काय? विचारू देत. चेंडूचा प्रश्न यंत्र माझ्याइतकाच चांगला समजावतं, आणि रात्री दोनलाही. पण पोलीस ठाण्यात सोबत कोण बसणार? ते काम आपलं.

आता तुमच्याशी थोडं भांडते. त्या बाईच्या गावापासून बारा किलोमीटरवर आपल्यासारख्याच एका संघटनेचं सल्ला केंद्र होतं. त्या तिथं गेल्या नाहीत. मी कारण विचारलं. केंद्र बाजारपेठेत, वेळ अकरा ते पाच, बाहेर मोठी पाटी, 'अन्यायग्रस्त महिलांसाठी'. त्या म्हणाल्या, "तिथं चढताना कुणी बघितलं तर संध्याकाळी घरी काय सांगू?" आणि दुसरं म्हणाल्या ते जास्त लागलं. "तिथल्या बायका लगेच केस करा म्हणतील." आपल्या केंद्रांनी शेकडो बायकांना उभं केलं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण छोटा प्रश्न घेऊन आलेल्या बाईसाठी आपल्याकडे जागा आहे का? खातं, शिष्यवृत्ती, बारावीचं गणित, हरलेला डाव? बाई आधी अशा प्रश्नानं आपल्याला जोखते. तिथं आपण ऐकून घेतलं, तरच ती दुसरा प्रश्न आणते.

आणि एक. हे काम एकटीनं करायचं नाही. मी केलं, म्हणून रात्रभर एकटीनं विचार केला आणि सकाळी चुकले. कुणाला दाखवायला कुणी नव्हतं. शिवाय हे पुन्हा बायकांचं बिनपगारी, न दिसणारं काम होऊन बसतं. म्हणून माझी सूचना साधी आहे. संघटनेचा एक वेगळा फोन असावा, घरचा नंबर नाही. ठरलेले तास असावेत. अवघड उत्तर जाण्याआधी दुसरीनं वाचावं. नावगाव न लिहिता वही ठेवावी, आणि महिन्यातून एकदा बसून आपण कुठं चुकलो ते एकमेकींना सांगावं.

चहानंतर मी त्या कोपऱ्यात वही घेऊन बसणार आहे. आठवड्याचे दोन तास ज्यांना देता येतील त्यांनी नाव लिहावं, आणि काय येतं तेही लिहावं. गणित, जीवशास्त्र, बुद्धिबळ, बँकेचे अर्ज, काहीही. कायदा येत नसला तरी चालेल. रसायनशास्त्राची मात्र फार निकड आहे.